घासलेल्या नाण्याची वाटणी

मी, प्रभुदास यशवंत मकासरे, वय वर्षे बहात्तर, पूर्वी पतसंस्थेत कॅशियर, हल्ली निवृत्त, राहणार शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागही शाबूत आहे. त्याचा दाखला कोणी देत नाही, तो पुढे वाचताना मिळेल.

१. माझे राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील ठेवी माझी एकुलती एक मुलगी निकिता हिला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तीच करील. माझी मयत पत्नी मरिया हिची पेटी घरातच राहील. मरिया गेल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीने ती पेटी उपासनेसाठी मागितली होती. पेटी चालते आणि वाजवणारी चालत नव्हती, असा हा हिशेब. पेटी देऊ नये.

२. टाकसाळीत चुकून बिघडलेल्या नाण्यांचा माझा संग्रह, भिंग आणि छोटा काटा हेही निकिताला. कोणाचा छाप सरकलेला, कोणाची एक बाजू कोरी, असली नाणी मी काउंटरवर बसून जमवली. नाणे दिसले की खिशातले तेवढ्याच किमतीचे गल्ल्यात टाकायचे आणि ते घ्यायचे. साहेबांना माहीत होते, ऑडिटरलाही माहीत होते. निकिताला एकच सूचना आहे: नाणे कधीही घासू नये. टाकसाळीतून आलेली त्याची कातडी एकदा गेली की ती परत येत नाही, आणि पारखी माणूस अशा नाण्याकडे ढुंकून पाहत नाही.

३. आता पाच रुपयांचे एक नाणे. ते वेगळ्या डबीत आहे.

मी मंडळीचा खजिनदार होतो आणि माझा धाकटा भाऊ सॅम्युएल सेक्रेटरी. एका रविवारी उपासनेनंतर अर्पणाची थैली मोजताना हे नाणे निघाले. छाप एका अंगाला सरकलेला, उरलेल्या भागात चंद्रकोरीसारखी कोरी जागा. मी ते टेबलावर ठेवून सॅम्युएलला दाखवले, खिशातले पाच रुपये थैलीत टाकले आणि विचारले, घेऊ का. तो म्हणाला, "घे की दादा, पाचाला पाच. देवाचं काय जातंय त्यात."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. तो विसरला.

पुढे पुण्याचा एक व्यापारी घरी आला. त्याने भिंगातून पाहून ते नाणे पंधरा हजारांना मागितले. मी दिले नाही. सॅम्युएल तिथेच चहा पीत बसला होता. महिनाभरात तो स्वतः एक नाणे घेऊन आला. तो सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता. नाण्यावर दोन छाप होते, आणि दुसऱ्या छापातली अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी. टाकसाळीत चुकून दोनदा छाप पडला, तर दुसरा छापही सुलटाच असतो. एका नाण्यावर दुसरे ठेवून कारखान्यातल्या शिकंज्यात दाबले की अक्षरे उलटतात. त्याला माझ्याकडून नाणे अस्सल असल्याची चिठ्ठी हवी होती, गिऱ्हाईक तयार होते. मी चिठ्ठी दिली नाही. तो चहा न घेता गेला.

त्यानंतर मंडळीच्या पंचांच्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, खजिनदाराने देवाच्या थैलीतले पंधरा हजार नेले आणि पाच रुपये टाकले. मी त्याला त्याच्या वाक्याची आठवण करून दिली. माझे पद गेले आणि नाणे पंचांनी ताब्यात घेऊन विकण्यासाठी सॅम्युएलकडे दिले.

ईस्टरच्या आधी त्याची बायको एंजेला दरवर्षी प्रभुभोजनाचा प्याला घासते. देवाच्या मालकीचे नाणे असे मळके कसे विकायला काढायचे, म्हणून तिने प्याल्याबरोबर तेही चिंचेने आणि राखेने घासले. लख्ख केले. त्याच व्यापाऱ्याला बोलावले, तर त्याने नाणे हातात धरले आणि परत ठेवले. पंचांनी मग ते माझ्याकडे पाठवले, निरोपासह: नाणे बनावटच होते.

म्हणजे मी चोरही आणि खोटारडाही. चोरी खरी तर नाणे खरे असले पाहिजे, आणि नाणे खोटे तर चोरी कशाची? हे मी तीन पत्रांतून विचारले. उत्तर आले नाही. मरियाला भगिनी मंडळात पेटीवर बसवणे तेव्हापासून बंद झाले. तिने कोणाचे काय केले होते? ती घरात दार लावून वाजवायची. गेल्या वर्षी गेली. तिच्या मातीला सगळे आले आणि सगळ्यांनी मोठ्याने गाणी म्हटली. मी त्यांना क्षमा केलेली नाही.

४. वडिलार्जित शेतातील माझ्या वाट्याचा एक एकर सॅम्युएलला द्यावा. हे वाचून निकिताला राग येईल. शेजारच्या गोजरबाईंना साक्षीसाठी वाचून दाखवले तेव्हा त्याही म्हणाल्या, "भाऊ, रागवायचं तर नीट रागवा. वर आनी जमीन कशाला देताय?" कारण मरियाने शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून सांगितले होते, सॅम्युएलला तोडू नका. जमीन तिच्या शब्दासाठी आहे. अट माझी आहे.

अट अशी: माझ्यानंतर येणाऱ्या पहिल्या हंगामाच्या सणाला, अर्पणात आलेल्या कोंबड्या-भोपळ्यांचा लिलाव सुरू होण्याआधी, भर उपासनेत सॅम्युएलने डबीतले नाणे स्वतःच्या हाताने अर्पणाच्या थैलीत टाकावे आणि त्या रविवारी मला म्हटलेले वाक्य सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे. पुढे काही बोलू नये, रडू नये. तसे न केल्यास एकर निकिताचा.

५. मला मरियाशेजारी पुरावे. गाणी नकोत.

या मृत्युपत्रावर मंडळीतला एकही साक्षीदार नाही. बजरंग सराफांना भिंग द्यायची इच्छा होती, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणाले, आणि मला भिंगापेक्षा त्यांची सही जास्त हवी होती.

राहिले एकच. थैली मोजणाऱ्यांनी ते नाणे पाच रुपये म्हणूनच मोजावे. एंजेलाच्या हातून त्याची किंमत आता तेवढीच उरली आहे. पाच मी त्याच दिवशी टाकले होते. हे पाच वरचे आहेत, ते मरियाच्या नावाने जमा करावेत.

ठिकाण: शेवगाव
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: प्रभुदास यशवंत मकासरे (सही)

आमच्या समक्ष सही केली, आम्ही त्यांच्या समक्ष केली:
१. बजरंग विठ्ठल शहाणे, सराफ (सही)
२. गोजरबाई हनुमंत काकडे, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)