आईच्या फ्रीजरचा कायदा

प्रिय रॉस्को,

माझं अक्षर बघितलं की तू पत्र न फोडताच फेकशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता जार्विसकडून लिहून घेतलाय. पोटच्या पोराचं अक्षर बघून तरी उघडशील. वर्ष झालं तू माझ्याकडे जेवला नाहीस. रविवारी निखाऱ्यावर मांस भाजताना तुझ्या वाटणीचा तुकडा अजून टाकते आणि तोही मीच खाते. वजन वाढलंय, त्याला जबाबदार तू.

सेंट लुईसची नुसती भट्टी झालीय. पारा शंभर फॅरनहाइटवर गेल्याला आज चौथा दिवस. बावीस वर्षं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात नावं लिहून घेतेय मी. असा उकाडा लागला की माझी वही लवकर भरते. भांडणं गाडी लावण्यावरून, रांगेत घुसण्यावरून, कशावरूनही. पूर्वी नाक फुटलेले यायचे, शिव्या देत टाके घालून घरी जायचे. पिस्तूल बाळगायला परवान्याची अट उठली, ज्याच्या त्याच्या कमरेला पिस्तूल आलं, आणि आता कित्येकांचं नाव मला त्यांच्या आईला विचारावं लागतं.

अट उठली त्याच आठवड्यात आपल्या आईने फ्रीजरला कुलूप लावलं, आठवतं? "सरकारला परवाना नको असेल, माझ्या ताटाला लागतो," म्हणाली. जेवायला येणाऱ्याचं पिस्तूल कोंबडीच्या तंगड्यांशेजारी जायचं, आणि चेहरा निवळल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. ती गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली.

गेल्या जुलैत तू जेवायला आलास तेव्हा एसी बंद पडला होता. शेजारच्या लामाँटने तुझ्या गाडीला गाडी आडवी लावली, वर आईवरून बोलला, आणि तू किल्ली मागायला आत आलास. मी म्हटलं, हरवली. तू कपाटं उचकलीस, फ्रीजरला लाथ घातलीस, मला नको ते बोललास. तेवढ्यात लामाँट गाडी काढून निघून गेला. तू पायऱ्या उतरताना म्हणालास, "भावाला भित्रा ठरवलंस, वर्लीन." ते अजून टोचतं रे.

किल्ली हरवली नव्हती. गार गोड चहाच्या बरणीत तळाशी होती. त्याच बरणीतून तुला बर्फ घालून दोन ग्लास पाजले. खोटं बोलले त्याची माफी मागते. किल्ली दिली नाही, त्याची मागणार नाही.

आता खरं सांगते. जार्विस एकवीसचा झाला आणि परवा पिस्तूल घेऊन आला. रविवारी जेवायला येतोय, पारा तेव्हाही शंभरावरच असणार. घरचा कायदा सांगितला, तर म्हणाला, "आत्या, बाबांनी ठेवलं तर मी ठेवीन." तुझं पिस्तूल अजून मटारच्या पिशवीखाली आहे. ये, ते बाहेर काढ आणि पोराच्या डोळ्यांदेखत परत आत ठेव. किल्ली मग तुझ्याकडेच राहू दे. मला माझ्या वहीत तुझं नाव लिहायचं नव्हतं, रॉस्को. त्याचंही लिहायचं नाही.

तुझीच, खोटारडी पण एकुलती एक बहीण,
वर्लीन