नांगरावरचं घर

९ जाने. ८९, केरी (गोवा)
हॉटेलचा शेवटचा स्लॅब टाकून झाला. मुकादम म्हणाला, महिनाअखेरीला आमची राहायची पत्र्याची शेड मोडणार, ज्यानं त्यानं आपलं बघा. परत चंदगडला जायचं? तिथं एकच खोली, त्यात आई, भाऊ-वहिनी आणि माझी शालन. लग्नाला वर्ष झालं, बायकोशी दोन शब्द बोलायचे तर शेताकडं जावं लागतं.

११ जाने.
पांडू आजोची जुनी होडी बघून आलो. खाडीत नांगरलेली, मोठी, पूर्वी कौलं वाहायची. आता वर झावळ्यांचं छप्पर, आत चूल. आजोला मुलगा वास्कोला नेतोय. म्हणाला, "रावता जाल्यार घे. पूण सदांच रावंक जाय. रिकामी होडी कुसता." रिकामी ठेवली तर कुजते म्हणे, कायम राहायला हवं. मी नाही म्हटलं तर फोडून जळण करणार.

१४ जाने.
रोज तिथंच झोपतोय. सकाळी काठावर पोदेर आला की लहान होडक्यातनं जाऊन पाव आणतो. शेडमधले म्हणतात, बेडूक झालास. होऊ दे. हलतं, पण आपलं. राहावं का म्हणून आईला पत्र टाकलं. मुकादमाला विचारलं. जो तो वेगळंच सांगतो.

२२ जाने.
शालन आली, सोबत मेहुणा मारुती. होडक्यात बसताना तिनं माझा दंड धरला तो वर चढेपर्यंत. मारुती म्हणतो, "दाजी, घराला अंगण कुठाय?" म्हटलं, ओहोटीला येतं. चिखल बघून म्हणाला, "मग सारवून तरी घ्या." शा. हसली नाही.

२३ जाने.
घोळ. काल तिनं देवाची तसबीर पूर्वेकडं तोंड करून लावली, अंथरूण दक्षिणेला डोकं करून. सकाळी देव पश्चिमेला, आमची डोकी उत्तरेला. आमच्यात तसं फक्त मेलेल्याला ठेवतात. मारुती माझ्यावरच धावला, "होडी कुणी फिरवली?" भरती-ओहोटीला फिरते हे मला माहीत होतं. दिशेचं डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी हट्टानं मागच्या टोकालाही नांगर टाकला. फिरशील कशी, बघतो. भरती आली तशी ती आडवी अडली, फळ्या करकरल्या, एक सांधा सुटून पाणी आत. काठावरून आजो ओरडला, "सोड तिका! ती फिरतलीच!" सोडला. शा. डब्यानं पाणी उपसत होती.

२४ जाने.
सांध्यात कापूस आणि डांबर भरलं. मारुती उद्या निघणार, ताईला घेऊनच म्हणतो. आजोलाही उद्याच हो की नाही ते पाहिजे.

संध्याकाळी शा.नं आजोलाच गाठलं. "तुमच्या मालकीण किती वर्षं राहिल्या हिच्यावर?"
"एक दीस ना. ती वयर घरांत, हांव हांगा."
"का?"
आजो तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "तिका केन्ना विचारूंकच ना."
परत येताना शा. म्हणाली, "त्यांनी बायकोला कधी विचारलंच नाही. तुम्ही आईंना विचारलंत, मुकादमाला विचारलंत. त्या पाववाल्याला विचारायचं राहिलं असेल."

२५ जाने.
विचारलं. शा.ला, राहशील का म्हणून, मधल्या पाण्यात, वल्हं थांबवून. म्हणाली, "तुम्ही दिवसभर कामावर. मी हाक मारली तर काठावर ऐकू येईल?" मी वळून काठाकडं बघितलं. "पोर झालं आणि पाण्यात पडलं तर? तुम्हाला पोहता येतं?" म्हटलं, नाही. मग म्हणाली, "मला एकटीला तिथं बसून बघू द्या."

तिला होडीवर सोडून काठावर आलो. बसला अजून वेळ आहे. मारुती दोन्ही पिशव्या पायाशी ठेवून बसलाय, मी बाजूच्या दगडावर हे लिहितोय. आजो येऊन विचारून गेला. थांबा म्हटलं.

भरती लागली. होडी फिरतेय. मघापर्यंत दार आमच्याकडं होतं, त्यात शा. बसलेली दिसत होती. आता नुसती फळ्यांची पाठ. मारुती म्हणतो, "दाजी, हाक मारा तिला."
मी मारलेली नाही.