टिनावरचे दगड

६ मे, मंगळवार

चक्रीवादळ म्हणे! काल धामणगाव बढ्याला वावटळ उठली, बाजारातली टिनं उडाली. मी तसंच लिहून पाठवलं. आज पेपरात मथळा — 'चक्रीवादळाचा तडाखा'. संपादकांना फोन केला. "साहेब, त्याला समुद्र लागतो. बुलढाण्यात कुठून आणू?" तर म्हणाले, "वावटळ शब्दाला वजन नाही हो."

वजन! टिनावर ठेवलेला दगड एका बाईच्या खांद्यावर पडला, हाड मोडलं. ती ओळ जागेअभावी कापली.

७ मे

संस्कृतात एम.ए. केलं, ढगाला डझनभर नावं तोंडपाठ. मोबाईलमधल्या रडारला एकही येत नाही — नुसते हिरवे, पिवळे, लाल डाग. तरी दुपार तापली की त्या डागांचं पारायण करत बसतो.

करतो ते ताईसाठी. जनकाताई, माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. टिनाचं घर, टिनं उडू नयेत म्हणून वर दगड रचलेले. भाऊजी गेल्यापासून खाली ती आणि नात मयुरी दोघीच झोपतात. आज पुन्हा सांगितलं — दगड उतरव, हूक मारून घे, मिस्त्री मी बोलावतो.

"तुह्या भाऊजीनं ठेवलेले दगड हायेत ते. लय वारं पाह्यलं त्यायनं."

"भाऊजींनी पाहिलं नाही ते वारं येणार आहे."

"मंग येऊ दे, प्रेमा. च्या ठेवू का तुले?"

चहा घेतला. चिडून घेतला.

१० मे

ऑरेंज अलर्ट. गल्लीभर सांगत फिरलो. पान हललं नाही.

१३ मे

पुन्हा अलर्ट, पुन्हा काही नाही. पारावर शेजारचे उकंडराव सगळ्यांसमोर — "काऊन पत्रकार, कुठलोक आलं तुमचं वादळ? यष्टी चुकली काय त्याची?" सगळे हसले. मीही हसलो. आत नुसता जाळ! अरे, अलर्ट साऱ्या जिल्ह्याला असतो, उकंडरावांच्या अंगणाला वेगळा देत नाहीत! पण हे सांगायचं कुणाला? पाराला?

१६ मे

उद्या रेड अलर्ट. मिस्त्री लग्नसराईच्या मांडवांत अडकलेला, सोमवारशिवाय येत नाही. ताईला म्हटलं, मग उद्या दोघी माझ्याकडे स्लॅबखाली झोपा.

"आपलं घर सोडून काऊन जाऊ? लोक हासतीन."

तिथे माझा तोल गेला. दारात उभा राहून ओरडलो — "मयुरीच्या डोक्यात दगड पडला तर ती बातमी मी लिहिणार नाही! दुसरा कोणी पाहा!"

मयुरी रडायला लागली. ताईनं तिला आत नेलं. चहाचंही विचारलं नाही.

बरं झालं. लागलंच पाहिजे मनाला. ओरडल्याशिवाय आमच्या घराण्यात कुणाला काही कळतच नाही!

१७ मे, अकोला

लाल डाग थेट आमच्या पिंपळगाव राजावर येत होता. मग वळला. वडनेर भोलजीवर चार थेंब टाकून विरला. गावात ऊन. कडक, निर्लज्ज ऊन.

ताई सकाळीच शिडी लावून टिनावर चढली होती. एकटीच, कुणाला न सांगता. मयुरी म्हणते, सगळे दगड उतरवले, शेवटचा घेऊन उतरताना पाय सटकला. खुबा मोडलाय. इथे दवाखान्यात आणलंय. उद्या ऑपरेशन.

वळलास! तुला आजच वळायचं होतं?

मी कुणावर ओरडतोय — ढगावर?

१९ मे

ताई आज नीट शुद्धीवर आली. डोळे उघडून पहिलं हेच — "प्रेमा, आलतं का रे वादळ?"

"आलतं ताई. लय मोठं."

"पाह्य. बरं झालं, उतरवले."