गृहपाठाचे गुण कमी करून मिळण्याबाबत

दिनांक : ३ ऑक्टोबर २००७

प्रति,
मा. प्राचार्य,
पंचगंगातीर तंत्रनिकेतन,
कोल्हापूर.

विषय : गणिताच्या ऑनलाइन गृहपाठात अर्जदारास मिळालेले गुण काढून घेणेबाबत, तसेच कु. दानम्मा शिवमूर्ती हिचे गेलेले गुण तिला परत देणेबाबत.

संदर्भ : १) शिस्त समितीची गेल्या महिन्यातील बैठक.
२) आपल्या कार्यालयातील लिपिक श्री. कृष्णात यांनी खिडकीतून दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

अर्जदार सम्मेद कल्लाप्पा, राहणार हुपरी, हा आपल्या तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. या अर्जात "मी" असे कोठेही लिहिलेले नाही. श्री. कृष्णात यांनी "पावणं, अर्जात मी-मी लावू नका, अर्जदार म्हणा, सायबास्नी तसंच लागतंय" असे बजावल्यावरून तसे केले आहे. अर्जदार म्हटले की पुढचे कबूल करणेही जरा सोपे जाते, हे प्रांजळपणे नमूद करतो.

१. यंदा जुलैपासून गणिताचा गृहपाठ वहीत न घेता संगणकावर घेण्याचे ठरले. प्रश्नाचा प्रकार सर्वांना एकच, परंतु आकडे प्रत्येकाला निराळे. उत्तर बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकले तर लाल फुली, आणि रविवारी संध्याकाळी दार बंद. आकडेच निराळे असल्याने कुणाचे पाहून उतरवता येणार नाही, असे गणिताचे मगदूम सर वर्गात अभिमानाने म्हणाले होते. सरांचे म्हणणे खरे होते. अर्जदाराने आजपर्यंत कुणाचेही पाहून उतरवलेले नाही. त्याने केले ते त्याहून वाईट आहे.

२. हुपरीत चांदीचे पैंजण होतात, हे आपणास ठाऊक आहेच. परंतु अख्खे पैंजण एका घरात कधीच होत नाही. एका घरी तार ओढतात, दुसऱ्या घरी कड्या जोडतात, तिसऱ्या घरी घुंगरू लावतात, चौथ्या घरी उजाळा देतात. अर्जदाराच्या घरी तीन पिढ्या फक्त घुंगरू लावले जातात. वडिलांना तार ओढायला सांगितली तर ते हसतील. ज्याला जे येते त्याने सगळ्यांचे ते करावे, ही आमच्या गावची रीत आहे आणि तिच्यात कुणाला काही गैर वाटत नाही. अर्जदार आणि त्याचे दोन मित्र, संगमेश आणि शशिधर, यांनी गणिताला हीच रीत लावली. एकमेकांना पासवर्ड दिले. डेरिव्हेटिव्ह आले की तिघांच्याही खात्यांत अर्जदार बसायचा, इंटिग्रेशनला संगमेश आणि मॅट्रिक्सला शशिधर. तिघांनाही पैकीच्या पैकी हिरव्या खुणा मिळाल्या. हे पाप आहे असे त्या वेळी मनातही आले नाही. उलट आपण काय शहाणे, असेच वाटत होते.

३. हे सर्व हुपरीतील श्री. पिराजी यांच्या नेट कॅफेत होत असे. भारनियमनात त्यांच्या तीन संगणकांपैकी एकच बॅटरीवर चालतो. त्यामुळे रविवारी दुपारी आम्ही तिघे आणि आमच्याच वर्गातली दानम्मा, असे चौघे त्याच एका संगणकापुढे नंबर लावून बसत असू. दानम्माच्या वडिलांचे, श्री. शिवमूर्ती यांचे, पेठेत किराणा दुकान आहे. ती आपले प्रश्न शनिवारीच कागदावर उतरवून नेई, दुकानाच्या गल्ल्यावर बसून सोडवी आणि रविवारी आमचे झाले की येऊन फक्त उत्तरे भरी. चहा निवायच्या आत तिचे काम आटोपायचे. आम्ही तिला हसायचो. सगळे प्रकार एकटीने करत बसणे हे आम्हांला अडाणीपणाचे वाटायचे.

४. गेल्या महिन्यात संगणकाने अहवाल दिला की, एकाच यंत्रावरून चार खाती लागोपाठ उघडली जातात, आणि त्यांतील शेवटचे खाते एकही चूक न करता डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पूर्ण होते. त्यावरून समितीने अर्थ काढला की चौघांचेही दानम्माच सोडवते आणि शेवटी घाईघाईने आपले भरते. तिने समितीपुढे सांगितले, "सर, मी घरातनं करून येतो, हितं नुसतं टाईप करतो." समितीने ते कागद मागितले. आता गल्ल्यावर बसून सोडवलेली गणिते ती रद्दीच्या कोऱ्या बाजूला करी आणि सोमवारी त्याच कागदांत शेंगदाणे नाही तर रवा बांधून देई. तिची इंटिग्रेशन अशी गावभर गेली होती. समितीला ही सबब वाटली आणि एक सभासद तर हसले.

५. आता जे लिहायचे आहे त्यासाठी हा अर्ज आहे. समितीच्या अध्यक्षांनी अर्जदाराला उभे करून सरळ विचारले, "तुमचं हिनंच सोडवून दिलं का?" नाही, एवढा एकच शब्द पुरेसा होता. अर्जदार मूग गिळून उभा राहिला. नाही म्हटले असते तर मग कुणी सोडवले, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर, म्हणजे संगमेश आणि शशिधर, अर्जदाराच्या शेजारीच उभे होते. दानम्माने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. ती रागावलेली नव्हती. हा आता बोलेल, अशी तिची खात्री होती. अर्जदार फरशीकडे बघत राहिला, आणि इतिवृत्तात "विद्यार्थ्याने नकार दिला नाही" असे लिहिले गेले.

६. निर्णय असा झाला की, ज्यांनी सोडवून घेतले त्या तिघांना तोंडी समज, आणि जिने सोडवून दिले तिला टर्मवर्कमध्ये शून्य. टर्मवर्क शून्य म्हणजे परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत, आणि फॉर्म नाही म्हणजे वर्ष गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की चोर तिथेच उभा होता आणि सुळी बघत होता. श्री. शिवमूर्ती यांनी घरी सांगितले आहे की, वर्ष वाया जाणार असेल तर पोरीने दुकानच सांभाळावे, तिथे तरी हिशेब चुकत नाही. सध्या ती दिवसभर गल्ल्यावरच बसते.

७. त्यानंतर पर्युषण संपून क्षमावणी आली. वर्षभरात कळत-नकळत ज्यांना दुखावले असेल त्यांच्यापुढे हात जोडून क्षमा मागण्याचा आमच्याकडे तो दिवस असतो. अर्जदाराने बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन घेऊन घरोघर जाऊन क्षमा मागितली. चुलत्यांची मागितली, मास्तरांची मागितली, ज्यांच्याशी वर्षभरात चार शब्द बोलणे झाले नाही अशा माणसांचीही मागितली. ज्यांचे आपण काही बिघडवलेले नसते त्यांची क्षमा मागणे फार सोपे असते. पेठेतून जाताना मात्र तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेला. घरी आईने, सौ. पद्मावती यांनी, "सगळ्यास्नी भेटून आलास न्हवं?" असे विचारले आणि अर्जदार व्हय म्हणाला. सणाच्या दिवशी, देवाच्या दारातून येऊन, आईशी खोटे बोलला. त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही.

८. शेवटी तो दुकानात गेला. दानम्मा रवा तोलत होती. अर्जदाराने हात जोडल्यावर तिने ताजव्यावरची नजर न काढता म्हटले, "मला मागून काय उपेग? मी माफ केलो तरी माझा झिरो झिरोच ऱ्हातोय. आफिसात जाऊन सांग की." हे तिचे बोलणे अर्जदाराला पूर्णपणे पटले.

९. म्हणून अर्जदार प्रथम मगदूम सरांकडे गेला. सर म्हणाले की निकाल प्रणालीत कुलूपबंद झाला आहे आणि प्रणाली चुकत नाही. नंतर तो आपल्या कार्यालयात आला. श्री. कृष्णात म्हणाले, "गुण वाढवून द्या म्हणून ढीगभर अर्ज येत्यात. कमी करा म्हणून ह्यो पयलाच. कुठं लावू ह्येला?" त्यांनी छापील नमुना दाखवला, त्यात "गुणवाढ" एवढीच चौकट आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला करता, असेही ते मायेने म्हणाले. मित्रांनी तर, सुटलोय तर गप बस, आमचे नाव काढलेस तर याद राख, असे सांगितले आहे. त्यांची नावे समितीकडे आधीपासूनच असल्याने ती या अर्जात वगळून काही साधत नव्हते. तरीही त्यांचाही अपराधी झाल्यासारखे वाटते, हे खरे आहे.

१०. पुरावा हवा म्हणून अर्जदाराने हुपरीत घरोघर जाऊन दानम्माच्या दुकानाच्या पुड्यांचे कागद मागितले. बहुतेक कागद अंघोळीच्या बंबात गेले असल्याचे समजले. एका आक्कांनी, "शिकल्यालं पोर रद्दी मागत फिरतंय" म्हणून अर्जदाराच्या वडिलांकडे चौकशी केली. त्यावरून हा सर्व प्रकार घरी कळला. हातातले पैंजण खाली ठेवून वडिलांनी फक्त एवढे विचारले की, घुंगरू आपण लावतो तेव्हा तार आपणच ओढली असे गिऱ्हाइकाला कधी सांगतो का.

११. आता एकच पुरावा शिल्लक आहे आणि तो स्वतः अर्जदार आहे. त्याला डेरिव्हेटिव्ह येते, पण इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स अजिबात येत नाही, कारण ती त्याने जन्मात केलेली नाहीत. दानम्माला तिन्ही येतात. समितीने टेबलावर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवून दोघांनाही तिन्ही प्रकारांचे एकेक उदाहरण घालावे. ती सोडवेल, अर्जदार सोडवू शकणार नाही, आणि मग कुणाचे काम कुणी केले ते उघड होईल. हा पुरावा नासू नये म्हणून, परीक्षा तोंडावर आली असतानाही अर्जदाराने बैठकीनंतर गणिताचे पुस्तक उघडलेले नाही. वर्गात मगदूम सर मॅट्रिक्स शिकवू लागले की तो खिडकीबाहेर बघतो. याबद्दल सरांनी त्याला दोनदा वर्गाबाहेर काढले आहे. तरी ही चाचणी लवकर घ्यावी, कारण न शिकणे दिवसेंदिवस अवघड होत आहे.

१२. सबब विनंती की, (अ) दानम्मा हिचे टर्मवर्कचे गुण तिला परत द्यावेत आणि शुक्रवारची मुदत संपण्यापूर्वी तिचा परीक्षेचा फॉर्म घ्यावा. (आ) अर्जदारास तिच्या जागी शून्य द्यावे. (इ) प्रणालीत गुण कमी करण्याची सोय नसल्यास, अर्जदाराचा पासवर्ड सोबत जोडला आहे. मगदूम सरांनी स्वतः त्याच्या खात्यात बसून सर्व उत्तरे चुकीची भरावीत. खात्यात दुसराच कुणी बसला तरी प्रणाली कुरकुर करत नाही, असा अर्जदाराचा स्वतःचा अनुभव आहे. (ई) इतिवृत्तातील "नकार दिला नाही" या शब्दांपुढे "भीतीपोटी" असा शब्द घालावा. फार मागणे होत असल्यास ही शेवटची विनंती सोडून द्यावी, पहिली मात्र सोडू नये.

आपल्या आज्ञेत, पण या एका बाबतीत आपल्याला त्रास देणारा,

सम्मेद कल्लाप्पा
दुसरे वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
मु. पो. हुपरी

सोबत : १) अर्जदाराच्या खात्याचा पासवर्ड, बंद पाकिटात.
२) श्री. पिराजी यांची चिठ्ठी : "दानम्मा कुणाच्या खात्याला हात लावलेली न्हाई. बोलवाल तवा येतो."
३) मॅट्रिक्सचे एक उदाहरण अर्जदाराने प्रामाणिकपणे सोडवण्याचा केलेला प्रयत्न, अज्ञानाचा पुरावा म्हणून.

ता. क. : वरील मजकुरात दानम्माबद्दल काही चुकीचे लिहिले गेले नसावे म्हणून अर्जदाराने आज सकाळी हा अर्ज तिला वाचायला दिला. तिने तो गल्ल्यावर बसून शेवटपर्यंत वाचला. तिसरे सहपत्र तेवढे पुढे ओढून, कानावरची पेन्सिल काढून तिने एका जागी गोल केला आणि बाजूला लिहिले, "मधल्या पदाला वजा." मग गिऱ्हाईक आले म्हणून तिने कागद परत केला. तो कागद तसाच जोडला आहे. त्यातले अज्ञान अर्जदाराचे आहे आणि दुरुस्ती तिच्या हातची आहे, तेव्हा तो दोघांचाही पुरावा धरावा. दुर्दैवाने अर्जदाराला ते एक उदाहरण आता येऊ लागले आहे, तरी चाचणीत दुसरे घालावे. तिने माफ केले किंवा कसे, हे तिने सांगितले नाही आणि अर्जदाराने विचारलेले नाही. तिचा फॉर्म घेतला गेला की तो विचारायला जाईल. तोवर त्याची यंदाची क्षमावणी झालेली नाही.