तेल घातलेला स्विच

बाबा, काल ऑफिसात मी एक जुना कीबोर्ड उघडला. सयाजीगंजच्या आमच्या ऑफिसातली एक मुलगी असले कीबोर्ड हौसेनं जमवते. त्यातल्या एका बटणाचं अक्षर उमटत नव्हतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याखालचा स्विच सोडवला. वरचं झाकण, मधला प्लास्टिकचा दांडा, स्प्रिंग आणि तळाशी नखाएवढ्या दोन पत्र्या. दांड्याचा पाय पत्र्यांना अलग धरतो. बटण दाबलं की पाय खाली सरकतो आणि पत्र्या एकमेकींना टेकतात. टक् नाही, मध्ये अडणं नाही, सरळ खाली. ती म्हणाली, "मॅडम, हे कुठे शिकलात?" घरी, म्हणाले. तुमचं नाव काढलं नाही.

शिकवलंत तुम्हीच, ते नाकारत नाही. मी अकरावीत होते. नंदेसरीच्या तुमच्या कारखान्यातल्या कंट्रोल रूमचा कीबोर्ड तुम्ही दुरुस्तीला घरी आणला होता. घडियाळी पोळाच्या अरुंद गल्लीतल्या आपल्या खोल्यांत उजेड काय तो स्वयंपाकघरात, म्हणून तिथेच बसलो. एक स्विच उघडून दाखवलात आणि रविवारची झोप काढायला गेलात. उरलेले बिघडलेले सहा मी केले. पत्र्या काळ्या पडल्या होत्या, त्या स्पिरिटनं पुसल्या. तुम्ही उठलात, बटणं दाबून पाहिलीत आणि शिवणाच्या मशीनचं तेल आणून प्रत्येकात थेंब सोडलात. पत्र्यांवर तेल जाईल, त्याला धूळ चिकटून त्या नीट टेकणार नाहीत, असं मी म्हणाले. "मला शिकवू नकोस," एवढंच म्हणालात. सोमवारी कीबोर्ड चालला, साहेबांनी तुम्हाला शाबासकी दिली. ते तुम्ही जेवताना आईला रंगवून सांगत होता आणि मी पोळ्या वाढत होते.

पुढच्या महिन्यात कारखाना दाखवायला घरच्यांना बोलावलं होतं. मी नवा ड्रेस घालून तुमच्या मागे उभी आहे. कंट्रोल रूममध्ये तोच कीबोर्ड, आणि ऑपरेटर सांगतोय की बटण दाबलं तरी आकडा उमटत नाही. साहेब तुमच्याकडे बघतात. तुम्ही माझ्याकडे बोट करता. "हिनं घरी हात लावला होता."

साहेब हसून गुजरातीत म्हणतात, "छोकरी छे, थाय." मुलगी आहे, व्हायचंच. आई खाली बघते. तुम्हीही साहेबांबरोबर हसता.

त्यानंतर पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला, त्यावर तुम्ही सही केली नाहीत. हिच्या हाताला ते काम नाही, असं मामाला सांगितलंत. मी बी.कॉम. झाले आणि फायली लावण्यात तीस वर्षं गेली. तेलाचं मी कुणाला बोलले नाही. कुणी विचारलंही नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरून आहे.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. तुमच्या शेवटच्या आजारपणात टीव्हीचा रिमोट चालेना. तुम्ही तो माझ्यापुढे धरलात. "बघ ना गं जरा, तुला जमेल." हे तुम्ही मला पहिल्यांदा म्हणालात. मी मागचं झाकण काढलं. सेलची पत्री वाकली होती, नखानं सरळ झाली असती. मी झाकण परत लावलं, "मला नाही जमत" म्हणाले आणि रिमोट तुमच्या उशाशी ठेवला. तुम्ही बराच वेळ बंद टीव्हीकडे बघत पडून होता. मला बरं वाटलं होतं.