फॉर्मवरचा सहावा माणूस

बाबा,

मध्ये बोलू नका! आयुष्यभर तुम्हीच बोललात, आज माझी पाळी. आणि हो, रागातच लिहितेय.

सकाळी दादाचा कॅनडाहून फोन आला. तुम्हाला जाऊन तीन महिने झालेत आणि तो म्हणतो, "वैशू, आता बसतंय." काय बसतंय? तर म्हणाला, "इन्कम. आईचा फॉर्म भरता येईल." आवाज इतका बारीक, जणू चोरी कबूल करतोय. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

दादा तिकडे गेला तेव्हा फोनवर काय शिकवलंत त्याला, आठवतं? "इजू, जोडीला दुसरा काम धर, पन रोख घे. कागदाव आला का सरकारनी खाल्ला." नारपोलीतल्या आपल्या आठ लूमवर तुमचं तेच चालायचं. कारागिरांचा पगार हातात, कापडाचं अर्धं बिल कच्चं. आणि वर केवढा तोरा! "आपला सगला तोंडी चालतो."

दादा तुमचाच मुलगा. दिवसा कारखाना, संध्याकाळी एका दुकानात रोखीवर. झकास चाललं होतं. मग नातू झाला, नात झाली आणि आईने धोशा लावला, पोरं मांडीवर घ्यायचीत. तेव्हा कळलं, आईबापाला कायमचं न्यायचं तर तिकडचं सरकार मुलाची कमाई बघतं. खिशातली नाही. टॅक्सच्या कागदावर छापलेली. आणि त्या कागदावर आपला दादा निम्माच होता!

त्यावर तुम्ही काय केलंत? लूमच्या लेटरहेडवर दाखला लिहून आणलात! 'आमचा मुलगा भरपूर कमावतो, आम्ही जाणतो.' खाली सही आणि गोल शिक्का. "पाठव कॅनडाला." मी खो खो हसले. तुमचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा हसायला नको होतं मी.

दादाने दुकान सोडलं, कागदावर दिसणाऱ्या पक्क्या पगाराची नोकरी धरली. तरी थोडक्यात अडलं. जितकी माणसं, तितकी जास्त कमाई दाखवावी लागते ना तिथे! दादा, वहिनी, दोन पोरं, आई, तुम्ही. मी मोठी, नोकरीवाली, म्हणून मला मोजत नव्हते. पाच जणांना त्याची कमाई पुरत होती. सहाला नाही.

"मंग माजा नाव काड. तुजे आयला जाऊ दे एकटीला." किती सहज म्हणालात!

आणि मी, शिकलेली बाई, नियम वाचून दाखवला. "नाव काढून काही होत नाही बाबा. तुम्ही नाही गेलात तरी नवरा म्हणून मोजतातच. जिवंत आहे तोवर."

"मंग मराला लागंल म्हन की!"

आई किंचाळली, "काय बोलता! थुका आदी." तुम्ही हसलात. मी पण हसले, बाबा. चहा नाकात जाईपर्यंत हसले.

चार महिन्यांनी, भर दुपारी, चालू लूमपाशी तुम्ही खाली बसलात. कारागिराला वाटलं, शेठ तुटलेला धागा बघतायत. त्या खडखडाटात तुम्ही हाक मारली असेल का? मारली असेल तर कुणाला ऐकू जाणार होती?

छातीत आधीपासून दुखत होतं का? माझं ते वाक्य ऐकून गप्प बसलात का? डॉक्टर म्हणतात, असं अचानकच होतं. मी मान हलवते. पटत नाही.

दादाचा पगार वाढलेला नाही. एका डॉलरनेही नाही. फक्त माणूस कमी झाला. फॉर्मवर तुमच्या नावापुढे 'मृत' लिहायचंय, सोबत दाखला जोडायचाय. तो मी आणला. या वेळी शिक्का खरा आहे. हसू नका.

आईला मी सांगितलंय, दादाला बढती मिळाली. शेजारणीला सांगत होती, "आमचे इजूचा पगार वाढला. हे असते तं..." खरं कळलं तर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. तुमच्याएवढं कुणाला माहीत हे?

म्हणून शब्द देते. तिला मी सांगणार नाही. दादालाही शपथ घातलीय. फाइल हलायला दोन वर्षं लागोत, तीन लागोत, रोज खोटं बोलावं लागलं तरी बोलेन. पोरं तिच्या मांडीवर बसतील. तुम्हाला चालेल का, हे मी विचारत नाहीये.

खाली रिक्षा आलीय. फॉर्मसाठी फोटो काढायचाय तिचा. मघापासून आरशासमोर उभी आहे, मोकळ्या कपाळावरून सारखी बोटं फिरवतेय. "वैशू, असाच काडाचा का गं फोटू?" विचारतेय.

निघते. तुम्ही काही बोलायच्या आत.

वैशू