खालच्या कुरणाचं फाटक

१६ मे
मासेमारीचा हंगाम उघडला. इडेलाबाईंच्या रँचवर वासरांना डाग द्यायला मदत करून आलो. त्यांच्या ओढ्यावर उन्हाळाभर ट्राउट मासे धरायचे तर मे महिन्यात एक दिवस वासरं धरायची, हा आमचा जुना व्यवहार. वासरं हॉलिसने धरली. मी देखरेख केली. हॉलिस शाळेपासूनचा मित्र. परवानगी माझी, ट्रक त्याचा. त्याचा गुडघा कामातून गेलाय, म्हणून वाटेतली तिन्ही फाटकं मी उतरून उघडतो. तसंही शेजारी बसणाऱ्याचंच ते काम. तारेचं फाटक मी एका हाताने उघडतो, हे अख्खी काउंटी जाणते.
बाईंनी दरवर्षीचं ऐकवलं. मासा धरला की सोडायचा, आणि फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. म्हटलं, बाई, मला शिकवताय?
संकल्प : पुलाखालचा तो थोराड ट्राउट, आमचे जज्जसाहेब, यंदा माझ्या जाळीत. कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही.

१७ मे
कॅफेत सगळ्यांना सांगून टाकलं. लोक हसले. हसोत.

२० जून, संध्याकाळ
रात्री जागून गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्या बांधल्या होत्या, अगदी खऱ्यासारख्या. बर्निस म्हणाली, कलाकार, आधी सूपमधली पिसं काढ. बायकोला कलेची कदर नाही.
पहिली फेक विलोच्या झुडपात. दुसरी स्वतःच्या टोपीत. वारा होता. हॉलिसला चार मासे लागले. त्याच्या बाजूला वारा नसावा.

३ जुलै
आज एकटाच गेलो होतो. पुलाजवळच्या विलोत एक माशी अडकलेली दिसली. बांधणीला नारिंगी दोरा! नारिंगी दोरा फक्त हॉलिस वापरतो. म्हणजे हा माझ्यामागे एकटा येतो, आणि तेही जज्जवर! माझ्या परवानगीवर! जेवलो नाही. (अ‍ॅपल पाय खाल्ला थोडा.)

४ जुलै
स्वातंत्र्यदिनाची परेड सोडून त्याला गाठलं. म्हणाला, अरे येड्या, गेल्या वर्षी तूच माझी माश्यांची डबी मागून नेलीस, त्यातली ही माशी तूच फेकलीस तिथे. किती सहज थाप मारतो माणूस! मी डबीबिबी नेलेली नाही. संबंध संपले.

२५ जुलै
ऊन भयंकर. बर्निसची गाडी घेऊन गेलो. बघतो तर खालच्या कुरणाचं फाटक सताड उघडं. हॉलिसचा गुडघा! लावायला उतरला नसणार. साखळी घातली, वर माझं कुलूप. आता येऊ दे भामट्याला. आज छान झोप लागणार.

२७ जुलै
इडेलाबाईंचा फोन. फाटक त्यांनीच उघडं ठेवलं होतं. वरच्या कुरणातलं तळं आटलंय, गुरं त्या वाटेनेच ओढ्यावर पाण्याला येतात. दोन दिवस तहानलेली गुरं शेवटी कुंपण मोडून हायवेवर गेली. हॉलिसने साखळी कापली आणि त्या गुडघ्यानिशी वासरं हाकत आणली. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ऑर्विल, तुम्ही तर इथलेच ना. परवानगी आता हॉलिसकडे.
कुलूप माझं हे कुणी सांगितलं? किल्ली माझ्याकडे होती, एवढ्यावरून!

९ ऑगस्ट
मित्राने दगा दिला, बाईंनी दिला, गुरांनीही दिला. या ओढ्याशिवाय उन्हाळा कसा काढतात, मला माहीत नाही. गॅरेज आवरलं. गेल्या वर्षीच्या जाकिटाच्या खिशात हॉलिसची डबी सापडली. माश्यांना नारिंगी दोरा. त्यानेच गुपचूप ठेवली असणार.
डबी ड्रॉवरमध्ये टाकली. झोप येत नाही.

१२ सप्टेंबर
सकाळी दारात हॉलिसचा ट्रक. काच खाली करून म्हणाला, चल, बस. मी बाईंना विचारलंय. म्हटलं, माझा स्वाभिमान आहे. तो म्हणाला, बरं, त्यालाही घे, मागे जागा आहे. बर्निसने गळाचा रॉड आणून हातात दिला. केवळ तिच्या समाधानासाठी बसलो. ड्रॉवरमधून आणलेली डबी सीटवर ठेवली. त्याने पाहिली, खिशात घातली. जज्जला आजच धरायचं ठरवलं.
पहिलं फाटक आलं. मी दाराला हात घातला. हॉलिस म्हणाला, बसून राहा. बाईंची तेवढी एकच अट आहे, तू फाटकाला हात लावायचा नाही.
तो लंगडत उतरला. फाटक उघडलं, परत चढला, ट्रक आत घेतला, पुन्हा उतरून फाटक लावलं, पुन्हा चढला. मी समोर बघत बसलो.
अजून दोन फाटकं होती.